गाडीची पत्रिका

जुनी गाडी विकणारा माणूस आणि उपवर मुलाचा बाप, यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये, असे आमचे वडील म्हणत. वडिलांकडे गाडी कधीच नव्हती आणि मुलगे मात्र चार होते. तेव्हा हे वाक्य त्यांना कुठून सुचले असावे, याबद्दल आम्हां भावंडांत मतभेद नाहीत.

त्यातल्या गाडीच्या भागाची प्रचीती मला 1984 साली आली. पुण्यात मी एक जुनी फियाट घेतली. विकणारे गृहस्थ पांढरे धोतर, कपाळाला गंध, अशा थाटाचे होते. "गाडी वापरलीच नाही म्हणा ना. रविवारी सारसबागेच्या गणपतीला जायचं आणि यायचं. बस्स!" मी बरोबर एक फिटर नेला होता. त्याने बॉनेटला कान लावून, डोळे मिटून बराच वेळ ऐकले आणि "इंजिन बोलतंय साहेब," असा निर्वाळा दिला. काय बोलतेय, ते मी विचारले नाही. गाडीची तपासणी तेवढ्यावर आटोपली. पहिल्या पावसाळ्यात डिकीत पाणी साचले म्हणून खालची मॅट उचलली, तर एक पत्र्याची पाटी निघाली : 'महाबळेश्वर–पाचगणी–प्रतापगड. सीट शिल्लक.'

हिने पाटी दोनदा वाचली आणि म्हणाली, "गणपती बराच लांब राहायला गेला होता वाटतं."

त्यानंतर अडतीस वर्षांनी, म्हणजे 2022 च्या उन्हाळ्यात, आम्ही उभयता चिरंजीवांकडे इंग्लंडात रेडिंगला गेलो होतो. चिरंजीवांना गाडी घ्यायची होती, आणि तीही जुनी. मी ताबडतोब पाटीची गोष्ट सांगितली. ती त्याने लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की 'सीट शिल्लक' आम्ही दोघे एकदमच म्हणालो. मग त्याने कॉम्प्युटरवर एका गाडीचा नंबर टाईप केला आणि म्हणाला, "बाबा, इथे फिटरचा कान लागत नाही. ही घ्या तिची पत्रिका."

त्या देशात गाडी तीन वर्षांची झाली की तिला दरवर्षी परीक्षेला बसावे लागते. परीक्षेचे नाव एमओटी. म्हणजे मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट. त्या नावाचे खाते केव्हाच गेले, परीक्षा राहिली; सरकारी कामाची ही रीत तिकडेही आहेच. 1960 साली ती सुरू झाली तेव्हा फक्त दहा वर्षांवरच्या गाड्यांना होती. पण इतक्या गाड्या नापास होऊ लागल्या, की वय खाली आणत आणत 1967 साली तीन वर्षांवर आणले. ब्रेक, दिवे, टायर, स्टिअरिंग, गंज, धूर, सगळे बघतात. आणि 2005 पासूनचे हे सगळे निकाल सरकारने चव्हाट्यावर मांडून ठेवले आहेत. गाडीचा नंबर ठाऊक असला की कोणीही, कोणाच्याही गाडीचे, फुकट बघावे! पास की नापास, नापास तर कशात, आणि त्या दिवशी काटा किती मैलांवर होता, हे सारे तारीखवार.

मी आयुष्यभर बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यात नोकरी केली. मला आणखी काय हवे होते? सारे जण विंडसरचा किल्ला पाहायला गेले. मी घरी बसून एकवीस गाड्या तपासल्या.

एका गाडीचा काटा एका वर्षी 88 हजारांवर होता आणि पुढच्या वर्षी 61 हजारांवर. मागे चालवत नेली असल्यास न कळे. दुसरीला 'पुढचे टायर झिजत आले आहेत' असा सल्ला परीक्षकाने ओळीने तीन वर्षे दिलेला होता. नापास करण्याइतका दोष नसला, तर असा सल्ला लिहून ठेवतात. आमच्या डॉक्टरांच्या 'वजन कमी करा'सारखाच तो. मालकही माझ्यासारखाच असावा.

सतरावी गाडी निघाली ती 2009 ची, छोटी, चंदेरी रंगाची. हिच्या पत्रिकेत दोष होते. 2014 साली ती चक्क नापास झाली होती : एक दिवा बंद, एक टायर खराब. पण त्याच दिवशी दुपारी पास! 2016 साली 'ब्रेकच्या नळीला गंज' असा सल्ला. 2017 साली तो सल्ला गायब. म्हणजे कोणीतरी सांगितलेले ऐकत होते. ज्या खात्यात एकही चूक सापडत नाही त्या खात्याचा मला नोकरीत नेहमी संशय येई. चूक सापडावी आणि खाली लाल शाईत दुरुस्ती असावी, म्हणजे झोप लागते. गाडी माझ्या मनात भरली.

एकच आकडा अडला. दरवर्षी ही गाडी सहा-साडेसहा हजार मैल चाले. एप्रिल 2018 ते एप्रिल 2019 या एका वर्षात मात्र 11,400! त्यानंतर जवळजवळ काहीच नाही. 2020 ची परीक्षा कोरोनामुळे सरकारने दिलेल्या सहा महिन्यांच्या सवलतीत ऑक्टोबरवर गेली होती, ते ठीक. पण 11,400? माझ्या डोळ्यांपुढे पत्र्याची पाटी उभी राहिली.

"हे विचारायचं," मी म्हणालो.

"बाबा, असं कोणी विचारत नाही इथे."

"मी विचारीन."

गाडीची मालकीण जवळच्या खेड्यात राहणारी, ऐंशीच्या घरातली एक बाई निघाली. तिने आम्हां चौघांना चहा दिला, बिस्किटे दिली. चिरंजीव बशीतल्या नक्षीचा अभ्यास करू लागले. शेवटी मीच माझ्या बँकेतल्या इंग्रजीत विचारले, की 2018 साली ही गाडी इतकी का पळाली?

"तुम्हाला कसं कळलं?"

मी छापून नेलेला कागद पुढे केला. तिने चष्मा लावला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि एकेका आकड्यावरून बोट खाली नेत गेली. बोट 11,400 वर थांबले.

"एप्रिलमध्ये डॉक्टरांनी त्याला सांगितलं. एखादं वर्ष, म्हणाले. मग आम्ही निघालोच. वेल्स, कॉर्नवॉल, स्कॉटलंडच्या पार वरच्या टोकापर्यंत. तोच चालवायचा. मे महिन्यात गेला." मग थोड्या वेळाने, "हे सगळं इथं लिहून ठेवतात, हे मला ठाऊक नव्हतं."

मला कागद परत मागवेना. शेवटच्या वर्षाचा आकडा 280 होता. मनातल्या मनात भागाकार करण्याची खोड जात नाही : आठवड्याला पाच मैल. हे मात्र मी विचारले नाही. तीच म्हणाली, "दफनभूमी अडीच मैलांवर आहे. रविवारी बस नसते. पण आता डोळ्यांमुळे गाडी बंद करायला सांगितलंय."

रविवारी जायचं आणि यायचं. बस्स.

"मग आता कशा जाल?" हिने मराठीतच विचारले. सूनबाईने सांगितल्यावर बाई म्हणाली, शेजारीण नेणार आहे.

दोनशे पौंड कमी करून मागायचे असे घरून ठरवून निघालो होतो. दारात मी चिरंजीवांकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि हिने दोघांकडे असे पाहिले की बाईने सांगितली ती किंमत आम्ही मुकाट्याने दिली. तिने वर एक जाडजूड फाइल दिली. तेरा वर्षांच्या पावत्या, प्रत्येकीवर नवऱ्याच्या बारीक अक्षरात तारीख आणि मैल. असा शाखाधिकारी मला उभ्या नोकरीत भेटला नाही.

परतताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, क्लच जरा जड वाटतोय."

"क्लच पत्रिकेत नसतो," मी म्हणालो. खरेच नसतो. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची प्रकृती त्या परीक्षेत बघत नाहीत.

पुण्याला आल्यावरही तो नंबर माझ्या डोक्यातून गेला नाही. ऑक्टोबर आला की मी निकाल पाहतो. 2023 साली गाडी वर्षभरात अवघी 2,300 मैल चालली होती. मी फोन करून, शनिवार-रविवार घरात काय कोंडून घेता, म्हणून झाडले. 2024 साली पाहिले, तर 9,800.

रात्रीचे अकरा वाजले होते, तिकडे साडेसहा. लावला फोन.

"काय रे, प्रकृती बरी आहे ना?"

"उत्तम. का?"

"सूनबाईंची?"

"तिचीही. बाबा, झालंय काय?"

"मग नऊ हजार आठशे मैल कुठे गेला होतास?"

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग हलक्या आवाजात, "अहो बाबा, हिला नवी नोकरी लागली ना? वीस मैल जायचं, वीस यायचं. रोज."

मी कागद ओढला. वीस दुणे चाळीस, कामाचे दिवस दोनशे चाळीस धरले, झाले नऊ हजार सहाशे. उरलेले दोनशे बाजारहाटाकडे टाकले.

"जुळलं का?" ही पलीकडच्या पलंगावरून म्हणाली. "मग दिवा मालवा आता."