सरकीपासून सदऱ्यापर्यंत

ज्या कपड्याचा कापूस कोणी पिकवला, सूत कोणी कातले, कापड कोणी विणले आणि त्या प्रत्येकाच्या पदरात काय पडले हे विक्रेत्याला सांगता येते, अशा कपड्याच्या व्यवसायाला अलीकडे ‘एथिकल फॅशन’ म्हटले जाते. परभणी जिल्ह्याला ही कल्पना परकी वाटू नये. मानवत आणि सेलू या बाजारपेठांत कापसाचा व्यापार जुना आहे, आणि हाताने कातून हातमागावर विणलेल्या कापडाची, म्हणजे खादीची, परंपरा शेजारच्या नांदेडात मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीने जपली आहे. तरीही असा लहान व्यवसाय चालवणाऱ्याची दमछाक होते आणि तिचा सगळा दोष ग्राहकाच्या हात आखडता घेण्यावर टाकला जातो, तो रास्त नाही.

अडचण शेतातच सुरू होते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने देशी कापसाचे ‘परभणी तुराब’, म्हणजेच पीए 255, यांसारखे वाण विकसित केले. देशी कापूस कोरडवाहू जमिनीत तग धरतो, रसशोषक किडींना सहजी बळी पडत नाही, आणि आखूड धाग्याचा त्याचा जुना दोषही या वाणांनी बराच दूर केला. मात्र आधीच मागे पडलेला हा कापूस 2002 मध्ये बीटी वाणांना परवानगी मिळाल्यानंतर शिवारातून जवळजवळ दिसेनासा झाला. त्याचे बोंड लहान असते आणि उमलल्यावर कापूस लवकर गळतो, म्हणून वेचणी वेळच्या वेळी, त्याच ओळींतून पुन्हा पुन्हा फिरून करावी लागते. मजुरी किलोवर ठरत असल्याने दिवसभर तेवढेच वाकूनही देशी कापूस वेचणाऱ्या बाईच्या ओट्यात वजन कमी भरते. तिच्यावर अन्याय होऊ द्यायचा नसेल तर वेचणी रोजंदारीने द्यावी लागते, आणि हा वाढीव खर्च दुकानात सदरा हातात घेणाऱ्याला कुठेच दिसत नाही.

त्यापुढची वाट अधिक बिकट आहे. क्विंटलभर कापसातून सरकी काढल्यावर साधारण एक तृतीयांश रुई उरते आणि 170 किलोची एक गाठ बांधायला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. चार-दोन शेतकऱ्यांचा माल इतरांच्या मालात मिसळू न देता वेगळा काढायचा, तर जिनिंगची यंत्रे साफ करून तेवढ्यासाठी चालवावी लागतात, आणि मोठ्या लॉटवर चालणाऱ्या सूतगिरणीला एवढ्याशा रुईसाठी यंत्र अडवणे परवडत नाही. दिवाळीच्या सुमारास शेतकऱ्याला रोख मोजलेला पैसा सूत, विणाई, रंगाई आणि शिलाई ओलांडून परत येईपर्यंत पुढचा हंगाम उभा राहतो. एवढा काळ भांडवल अडकवून ठेवण्याची ऐपत लहान व्यावसायिकाकडे नसते.

जुन्या संस्थांचीही यातून सुटका नाही. नांदेडची समिती राष्ट्रध्वज तयार करते आणि त्याचे कापड उदगीरला विणले जाते, पण प्रक्रियेसाठी ते अहमदाबादला पाठवावे लागते. 30 डिसेंबर 2021 रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजांना मुभा मिळाली, तेव्हा खादीचा हक्काचा ग्राहकही सुरक्षित राहिला नाही. कातणारा आणि विणणारा यांच्या रोजगाराशी थेट जोडलेला हा आधार काढून घेताना त्याच्या जागी दुसरे काही उभे करायला हवे होते. ते झाले नाही, याचे दुःख वाटते.

जिनिंग, कताई आणि रंगाई हे मधले दुवे लहान प्रमाणावर चालतील अशी सोय एकट्या व्यावसायिकाने उभारावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. विद्यापीठ, खादी संस्था आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी ती सामाईक उभारावी, आणि बँकांनी साठवलेल्या कापसाच्या तारणावर हंगामभराचे कर्ज माफक व्याजाने द्यावे. परभणीकर ग्राहकाने महाग कपडा घ्यावाच असे नाही, पण सदरा घेताना त्याचा कापूस कोणत्या शिवारातला, एवढे दुकानदाराला जरूर विचारावे. दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर दुकानदारही तेच आपल्या पुरवठादाराला विचारील.