बंद धुराडं आणि भिंतीला टेकलेलं बियाणं



आज पिकाचं नाही, घरातल्या भिंतीचं लिहितोय. पण गोष्ट शेवटी बियाण्यापाशीच येते, म्हणून वाचा.

आमचं घर दगड-मातीचं. जुन्या स्वयंपाकघरात चुलीमागं वडिलांनी भिंतीतच विटांचं धुराडं बांधलेलं. गॅस आला, चूल अंगणात गेली. मी धुराड्याचं खालचं तोंड विटा लावून बंद केलं आणि सगळ्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला. छपरावरचं तोंड मात्र उघडंच राहिलं. खोलीत बियाणं ठेवायला लागलो.

दुसऱ्याच पावसाळ्यात भिंतीवर पिवळट-तपकिरी डाग आले. वाटलं, पत्रा गळतोय. पत्र्याला डांबर लावलं, भिंतीला वॉटरप्रूफ रंग दिला. डाग पुन्हा हजर. घरची म्हणायची, "अहो, त्या भिंतीला थप्पी लावू नका, कुबट वास येतोय." मी ऐकलं नाही.

मागच्या वर्षी त्याच थप्पीतलं सोयाबीनचं एक पोतं धाकट्या भावाला दिलं. त्याचं निम्मंसुद्धा उगवलं नाही, दुबार पेरणी करावी लागली. आम्ही दोष पावसाला दिला.

यंदा मे महिन्यात उगवण तपासली. प्रत्येक पोत्यातले शंभर दाणे वेगळे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. खोलीच्या मधल्या पोत्यातले ७८ उगवले, भिंतीला टेकलेल्यातले ४१. सोयाबीनला किमान ७० तरी पाहिजेत. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

गवंड्यानं गिलावा फोडला तर आत ओली काजळी. वरून पाऊस आत जायचा आणि हवा खेळत नसल्यानं ओल बाहेर पडत नव्हती. शिवाय धुराच्या काजळीत क्षार असतात, ते हवेतली ओल धरून ठेवतात. वर सिमेंट आणि रंग, म्हणजे भिंतीला वाळायला जागाच नाही.

मग काजळी खरवडून काढली. वर पाऊस अडेल पण वारा जाईल अशी पत्र्याची टोपी बसवली. खाली दोन विटा काढून उंदीर येऊ नये म्हणून बारीक जाळी लावली. भिंत पूर्ण वाळू दिली, मगच चुन्याचा गिलावा केला. पोती आता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. थप्पी सातच्या वर नाही.

भावाकडं जाऊन सांगितलं, "बाबा, चूक पावसाची नव्हती, माझ्या भिंतीची होती." यंदाचं चांगलं पोतं त्याला दिलं. तो म्हणाला, "दादा, तू दिलेलं म्हणून मी तपासलंच नाही."

मंडळी, बियाणं घरचं असो की भावाचं, शंभर दाणे मोजल्याशिवाय पेरू नका. आणि धुराडं बंद करायचं असेल तर वरून झाका, पण त्याचा श्वास कोंडू नका.