शोभेचा शॉवर

लास वेगासला भाड्याची आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, ताब्यात घेतलं तेव्हा स्वेटरचीही गरज नव्हती. पण देणाऱ्याने बजावलं, "ब्राइस कॅन्यनला जाताय ना? मग नळ उघडू नका." हिवाळ्यासाठी पाइपांतलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरलेलं होतं. म्हणजे बेसिन, शॉवर सगळं शोभेचं. वापरायला कॅनमधलं पाणी. नाशिकहून आलेल्या आईने एवढंच विचारलं, "शॉवरचे पैसे घेतलेत का गं त्यांनी?"

वेगास साधारण २,००० फुटांवर, ब्राइसचा कडा ८,००० फुटांच्या आसपास. मार्च संपत आला होता, तरी नॉर्थ कॅम्पग्राउंडमध्ये पाइनच्या झाडांखाली बर्फ साचलेला. तिथे गाडीला वीज जोडायची सोय नाही. हीटर गॅसवर चालतो खरा, पण त्याचा पंखा बॅटरीवर. पहाटे बॅटरीने मान टाकली, की टाकीभर गॅस असूनही कुडकुडायचं. रात्री जनरेटर लावायला मनाई, आणि ते योग्यच आहे. त्या शांततेत ती घरघर कोण ऐकेल? आम्ही हीटर मंद ठेवून कानटोप्या घालून झोपायचो.

खरा वैताग ओलीचा. खिचडीची वाफ, आई, नवरा आणि मी अशा तिघांचे श्वास, सगळं काचांवरून ओघळायचं. छताची झडप बोटभर उघडी ठेवावी लागते. "थंडीत उघडं ठेवायचं? काहीतरीच!" म्हणून आईने ती लावून टाकली. सकाळी तिच्या गोधडीची भिंतीकडची कड भिजलेली. त्या रात्री झडप तिनेच उघडली.

कड्यावरून खाली पाहिलं, तर केशरी दगडी सुळक्यांची दाटी. इथे त्यांना 'हूडू' म्हणतात. दिवसा वितळलेलं पाणी फटींत शिरतं, रात्री गोठून सुमारे ९ टक्के फुगतं आणि खडक उकलतं. वर्षात दीडशेहून जास्त वेळा हे चालतं. पाइपांचं जे होऊ नये म्हणून आमचा एवढा खटाटोप, तेच होऊन हे सुळके घडलेले!

वॉल स्ट्रीट नावाच्या घळीत उतरायचं होतं, पण हिवाळ्यात ती वाट दगड कोसळतात म्हणून बंद असते. नवरा हळहळला. कसारा घाटातल्या दरडी पाहिलेली आई मात्र पाटी कळताच मागे वळली. "चला, वरूनच बघू," म्हणत ती सनराइज पॉइंटकडे आमच्या पुढे चालू लागली.