कलर होल्डरचे पुढे काय?

महाविद्यालयाच्या संघातून खेळणाऱ्या मुलाची कारकीर्द किती वर्षांची असते? पदवीची तीन-चार, फार तर पदव्युत्तर शिक्षणाची आणखी दोन. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी वयाची अट पंचविशीची आहे. एवढ्या काळात तो आंतरमहाविद्यालयीन सामने खेळतो, विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर आपल्याकडच्या भाषेत ‘कलर होल्डर’ होतो, पश्चिम विभागीय स्पर्धेला जाऊन येतो आणि बहुतेकांचा खेळ तिथे थांबतो. या वर्षांचे मोल आपण नेहमी पुढे काय मिळाले त्यावरून ठरवतो. पोलीस भरतीत निवड झाली तर खेळाचे सार्थक झाले, नाही तर वर्षे वाया गेली. हा हिशेब मला चुकीचा वाटतो. ज्या संस्थेच्या नावाची जर्सी घालून मुलगा खेळला, तिची जबाबदारी त्याला वर चढवण्याची नाही. वर जागाच थोड्या आहेत. पण खेळताना झालेली दुखापत बरी करणे आणि खेळामुळे राहिलेली पदवी पूर्ण करू देणे, या दोन गोष्टी ती संस्था त्याला निश्चित देणे लागते.

हा प्रश्न जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत उभा राहिला, तो तिथल्या फुटबॉलमुळे. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लांबट चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड कवच आणि समोरासमोरची धडक, असा तो खेळ. त्यात क्वार्टरबॅक नावाच्या खेळाडूवर सगळा डाव फिरतो. प्रत्येक चालीला चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि तो फेकायचा, सोबत्याकडे द्यायचा की स्वतः घेऊन पळायचे, हे अंगावर धावून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांसमोर तीन-चार सेकंदांत ठरवावे लागते. आपल्या कबड्डीतला मुख्य चढाईपटू आणि कर्णधार एकाच माणसात असावेत, असे काहीसे ते काम आहे. तिथल्या विद्यापीठांची स्वतःची मैदाने आहेत आणि मिशिगनच्या मैदानावर लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. विशी-एकविशीतल्या मुलाच्या खेळावर तिकिटे, प्रक्षेपण आणि देणग्या अवलंबून असतात. तरीही महाविद्यालयातून व्यावसायिक संघात पोचणारे शंभरात दोनही नाहीत. उरलेल्यांचा शेवटचा सामना महाविद्यालयाच्याच जर्सीत होतो.

या उरलेल्यांचे काय, हे त्या देशाने फार उशिरा विचारले. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका लहानशा महाविद्यालयाचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. पत्नीने भरपाई मागितली. दोन वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तो महाविद्यालयाचा नोकर नव्हता, म्हणून भरपाई नाही. खेळाडू हा आधी विद्यार्थी आहे, या उदात्त वाटणाऱ्या भूमिकेचा उपयोग पुढची अनेक दशके जबाबदारी टाळण्यासाठी झाला. २०२१ च्या जूनमध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला, पुढच्याच महिन्यात त्यांना आपल्या नावावर आणि छबीवर कमाई करण्याची मोकळीक मिळाली आणि २०२५ च्या तडजोडीने विद्यापीठांना वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंना वाटता येऊ लागली. बातम्या या पैशांच्याच झाल्या. मला मात्र २०२४ च्या ऑगस्टपासून वरच्या श्रेणीच्या विद्यापीठांवर बंधनकारक झालेल्या दोन अटी जास्त महत्त्वाच्या वाटतात. खेळातल्या दुखापतीचा वैद्यकीय खर्च खेळाडूने महाविद्यालय सोडल्यावरही किमान दोन वर्षे द्यायचा, आणि पूर्ण शिष्यवृत्तीवर खेळलेल्याची पदवी राहिली असेल तर ती पूर्ण करण्यासाठी दहा वर्षांपर्यंत मदत करायची. पैशांचा वाटा मागायला आपल्याकडे पैसाच नाही. या दोन अटी मात्र सामन्याला प्रेक्षक किती येतात यावर अवलंबून नाहीत.

आता हे उमरखेडला लावून पाहू. पैनगंगेच्या काठचा हा तालुका जिल्ह्याने यवतमाळचा, लोकसभेला हिंगोलीचा आणि दवाखान्याला-बाजाराला नांदेडचा. नांदेडात विद्यापीठ आहे, पण उमरखेडचे महाविद्यालय त्याला जोडलेले नाही. १९८३ मध्ये स्थापन झालेले संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांचे, आणि उमरखेड त्याच्या दक्षिण टोकाला. म्हणजे इथल्या कबड्डीपटूला किंवा खो-खोच्या मुलीला सामन्यासाठी, निवड चाचणीसाठी, सराव शिबिरासाठी दर वेळी लांबचा प्रवास करावा लागतो. अमरावतीत १९१४ पासून उभे असलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवून आलेली ती संस्था. तिथल्या मुलाला मैदान, मार्गदर्शक आणि फिजिओ एका आवारात सापडतात. उमरखेडच्या मुलाचा गुडघा चढाईत पिरगळून आतला लिगामेंट तुटला, तर तपासणी नांदेडला, शस्त्रक्रियेचा खर्च बापाच्या सोयाबीनवर आणि पुढचे सहा-आठ महिने व्यायाम कुणी करून घ्यायचा हे अनुत्तरित. विद्यार्थ्यांच्या अपघात विम्यात मुख्य विचार असतो तो मृत्यूचा आणि कायमच्या अपंगत्वाचा. तुटलेला लिगामेंट या दोन्हींत बसत नाही, पण मुलाचा खेळ आणि भरतीची धाव दोन्ही तोच संपवतो.

यावर आपल्याकडे हमखास दिले जाणारे उत्तर म्हणजे खाशाबा जाधव. सोयी नव्हत्या तरी त्यांनी मिळवलेच ना! म्हणून ती हकिगत नीट पाहायला हवी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे मल्ल. १९४८ मध्ये लंडनला ते सहावे आले, तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि परत आल्यावर कुस्त्यांची दंगल भरवून ते कर्ज फेडले. पोलीस खात्यात फौजदाराची नोकरी मिळाली ती १९५५ मध्ये. १९८४ मध्ये अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आज १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो, आणि तो पाळायलाच हवा. पण या हकिगतीतून सोयींशिवाय चालते असा निष्कर्ष निघत नाही. दोन्ही वेळा कुणी तरी खर्च उचलला होता, एकदा राजाने आणि एकदा शिक्षकाने. खर्डेकरांचा मोठेपणा मी कमी लेखत नाही. माझे म्हणणे इतकेच की तो मोठेपणा एका माणसाचा होता. ज्या महाविद्यालयात खर्डेकर नाहीत, तिथल्या खाशाबाचे नावही आपल्याला ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप असा की आता काळ बदलला आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, २०१४ पासून प्रो कबड्डी आहे, २०१९ च्या लिलावात कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईवर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. हे सगळे खरे आहे आणि आनंदाचे आहे. पण आरक्षण ठराविक स्पर्धांतल्या ठराविक कामगिरीला मिळते आणि लीगच्या संघांत जागा मोजक्याच. दोन्ही वाटा जिंकलेल्यांसाठी आहेत. ज्याच्यामुळे महाविद्यालयाच्या अहवालात एक ओळ वाढली, पण ज्याला पदक मिळाले नाही, तो दोन्हींच्या बाहेर राहतो. खेळणाऱ्यांत बहुसंख्य तोच आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो आईवडिलांचा आहे. महाविद्यालय शिकण्यासाठी असते. कोरडवाहू शेतीवर घर चालवून मुलाला शिकवणाऱ्या बापाने तो घेतला तर त्याला उत्तर द्यायला हवे. पण शिक्षण आणि खेळ यांत आज जी ओढाताण होते, तिचे बरेचसे कारण वेळापत्रकात आहे. हिवाळी परीक्षा आणि विद्यापीठाच्या स्पर्धांचा हंगाम एकमेकांवर येतात. विद्यापीठाच्या संघातून बाहेर असलेल्या मुलाचा पेपर बुडतो, विषय मागे राहतो, पुढच्या सत्रात दोन होतात, आणि पंचाहत्तर टक्के हजेरीचा प्रश्न वेगळाच. राहिलेला विषय हे मग खेळाचे खापर होऊन घरी येते. विद्यापीठ ज्याला स्वतःचे नाव छातीवर लावून पाठवते, त्याचा पेपर नंतर वेगळा घेणे त्याच विद्यापीठाच्या हातात आहे. पदवी राहून गेलेल्यासाठीही वाट तयार आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने श्रेयांकांची बँक आणली असून कमावलेले श्रेयांक तिथे सात वर्षांपर्यंत टिकतात. दुखापतीमुळे किंवा खेळामुळे सुटलेल्या मुलाला महाविद्यालयाने स्वतःहून पत्र पाठवून परत बोलवावे आणि त्या सत्रांचे शुल्क माफ करावे.

राहिला खर्च. प्रवेश घेणारा प्रत्येक विद्यार्थी दरवर्षी क्रीडा शुल्क भरतो, खेळणारा आणि न खेळणारा दोघेही. त्यातून ट्रॅकसूट, ढाली, प्रवासभत्ता हे सगळे होते. पाच जिल्ह्यांतल्या सर्व महाविद्यालयांच्या या शुल्कातला लहानसा हिस्सा विद्यापीठाने एकत्र केला, तर संघात निवडलेल्या खेळाडूंसाठी शस्त्रक्रिया आणि नंतरचा व्यायाम धरून गट विमा उतरवता येईल. एकट्या उमरखेडच्या महाविद्यालयाला ते झेपणार नाही. म्हणूनच ते अमरावतीने करायचे आहे, आणि निवड चाचणीच्या अर्जासोबतच त्या विम्याचा कागद मुलाच्या हातात द्यायचा आहे.