सौताड्याच्या वाटेवर आजींची पाण्याची बाटली

महाराष्ट्रात आष्टी नावाची गावे एकाहून अधिक आहेत. १९४२च्या ऑगस्टमधील हुतात्म्यांची आष्टी वर्धा जिल्ह्यात. २० फेब्रुवारी १८१८ रोजी सेनापती बापू गोखले जिथे धारातीर्थी पडले, ती सोलापूर जिल्ह्यात. आमची आष्टी बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला. तालुक्याच्या कडेने सीना वाहते, उत्तरेला बालाघाटाची पठारे चढत जातात, आणि पाऊस बहुधा आम्हांला वगळून पुढे जातो. जिल्ह्याचे ठिकाण बीड असले तरी दवाखाना, लग्नाची खरेदी, मुलांचे शिक्षण यांसाठी इथला माणूस पिढ्यान् पिढ्या नगरकडेच वळतो. (नगरचे अहिल्यानगर झाले, बोलताना मात्र अजून ‘नगर’च येते.) त्यामुळे प्रवास हा आमच्या भागात हौसेचा नव्हे, रोजच्या जगण्याचा भाग आहे.

या प्रवासाचा सर्वांत ताजा नमुना म्हणजे माझी भाची. ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कड्याजवळच्या खेड्यातून आष्टीच्या महाविद्यालयात येते. तिचा दिवस म्हणजे लहानमोठ्या साहसांची मालिकाच. सकाळची एसटी चुकली की वडापच्या जीपमध्ये कांद्याच्या गोण्यांवर बसून यायचे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात स्कूटी घसरली की खरचटलेले कोपर घेऊन माझ्या दवाखान्यात यायचे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेताना ‘मामा, आईला सांगू नका’ म्हणायचे. अठरा पूर्ण होताच तिने मोटारीचा परवाना काढला. पहिल्याच आठवड्यात गाडी मागे घेताना दूध संकलन केंद्राबाहेरच्या रिकाम्या कॅनांची रांग आडवी केली. दुसऱ्या महिन्यात धानोऱ्याच्या पुढे रात्री चाक पंक्चर झाले आणि जादा चाक काढून पाहिले तर त्यातही हवा नव्हती. आज तीच घरातली सर्वांत विश्वासू चालक आहे. निघण्यापूर्वी पाचही चाके दाबून पाहते आणि मागे बसलेल्यांनी पट्टा लावल्याखेरीज गाडी सुरू करीत नाही.

तिची आजी, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाई, एकोणऐंशी वर्षांच्या. जन्म १९४६चा, म्हणजे निजामी राजवटीतला. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला तेव्हा त्या अगदी लहान होत्या. त्यांचे आजोळ सीनेपलीकडे इंग्रजी मुलखात. नदीच्या एका काठाला मोगलाई आणि दुसऱ्याला इंग्रजी, हे त्यांनी आपल्या आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की स्वतः पाहिल्यासारखे सांगतात. लग्नानंतर बैलगाडीने मढीच्या कानिफनाथांची यात्रा केली, सावरगावच्या डोंगरावर मायंब्याला मच्छिंद्रनाथांच्या समाधीचे दर्शन घेतले, पंढरीची वारी केली. अलीकडे मात्र कुठे जायचे म्हटले की ‘तुम्ही जाऊन या, मी घर राखते’ हे उत्तर ठरलेले. घरच्यांनी ते वयावर ढकलले. भाचीला ते पटत नव्हते, कारण आजी रात्री तिला जुन्या प्रवासांच्या गोष्टी सांगत, आणि त्यांत सौताड्याचे नाव वारंवार येई.

सौताडा आमच्या शेजारच्या पाटोदा तालुक्यात. आष्टीहून जामखेडला जायचे आणि तिथून बीडच्या रस्त्याला लागायचे. माळरान, तुरळक बाभळी, वाऱ्यावर डोलणारी बाजरी असे सपाट दृश्य चाललेले असते आणि अचानक जमीन दुभंगावी तशी खोल दरी समोर येते. विंचरणा नदी तिथे कड्यावरून खाली झेपावते. तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. पायऱ्यांनी उतरून जावे लागते. पावसाळ्यात खालून वर पाहिले की पाण्याचे तुषार थेट चेहऱ्यावर येतात. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखात एवढे पाणी एवढ्या उंचीवरून पडताना पाहणे हा इथल्या माणसाला देवदर्शनाइतकाच मोठा योग वाटतो.

गेल्या वर्षी, २०२५च्या श्रावणात, भाचीने आजींना कबूल करून घेतले. सोमवारची गर्दी टाळून मंगळवार निवडला. गाडीत ती, तिचे आईवडील, आजी आणि मी. जामखेडला चहासाठी थांबलो. वाटेत मी डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांची गोष्ट सांगितली. या दांपत्याने १९७०मध्ये जामखेडला काम सुरू केले, खेड्यापाड्यांतल्या, अनेकदा अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले आणि १९७९मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजी ऐकत होत्या, पण चहाचा कप त्यांनी हातात घेऊन तसाच परत ठेवला. माझे लक्ष गोष्टीत; भाचीचे मात्र कपाकडे.

दरीच्या काठावरून धबधबा पाहून झाल्यावर आजींनी खाली उतरण्याचा हट्ट धरला. ‘थोड्या पायऱ्या, हळूहळू’ असे ठरले. उतरताना दुखरा पाय आधी टाकायचा, चढताना चांगला, आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची, हे मी त्यांना करून दाखविले. त्यांनी ते लगेच उचलले. काही पायऱ्यांनंतर कठड्याला टेकून बसल्या, गार वाऱ्यात हसल्या, आणि पुन्हा उठताना त्यांचे डोळे फिरले. भाची मागे होती. तिने दोन्ही काखांत हात घालून त्यांना अलगद खाली बसविले, म्हणून डोके आपटले नाही.

सपाट जागी आडवे करून भाचीच्या दप्तरावर पाय उंच ठेवले. अर्ध्या मिनिटात त्यांनी डोळे उघडले, आम्हां सर्वांना ओळखले, हातपाय समान हलविले, बोलणे स्पष्ट होते, छातीत दुखत नव्हते. यांतले एक जरी उलट असते तर १०८ला दूरध्वनी करण्यात मी क्षण दवडला नसता. रक्तदाब ९६वर ६०. एरवी हाच दाब १४०च्या आसपास असतो. जीभ कोरडी, सुकलेल्या पानासारखी.

भाचीने आजींच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून माझ्यापुढे धरली. सकाळी तिनेच भरून दिलेली बाटली काठोकाठ भरलेली होती. झाकणाचे सीलसुद्धा तुटलेले नव्हते म्हणावे, अशी.

‘आज्जी, कधीपासून पाणी पिली नाहीस?’

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सुनेकडे पाहत हळूच म्हणाल्या, ‘काल दिवस मावळल्यापासनं. बाईमाणसाला रस्त्यात कुठं जागा असती का? गाडी थांबवा म्हणायला लाज वाटती. त्यापरीस पाणीच नको.’

माझ्या बहिणीच्या डोळ्यांत पाणी आले, कारण तीही लांबच्या प्रवासात हेच करते. पुरुषांना हा प्रश्न ठाऊकच नसतो. आम्ही रस्त्याच्या कडेला गाडी थांबवितो आणि विषय संपतो.

आता यातले वैद्यक. तहान ही वयाबरोबर मंदावणारी संवेदना आहे. शरीरात पाणी कमी पडले तरी वृद्ध माणसाला ते तरुणाइतके जाणवत नाही. त्यात आजींच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढविणारा घटक आहे. ती त्यांनी सकाळी नियमाने घेतली होती. रात्रभर पाणी नाही, वरून गोळीने पाणी बाहेर काढलेले, बंद गाडीतला उकाडा, आणि मग बसल्याजागेवरून उठणे. उभे राहताच रक्त पायांकडे उतरते. निरोगी शरीर रक्तवाहिन्या आवळून मेंदूकडचा पुरवठा टिकविते, वृद्ध व कोरड्या शरीराला तेवढी चपळाई राहत नाही. उभे राहिल्यावर वरचा दाब २० किंवा त्याहून अधिक उतरला तर त्याला आम्ही स्थितिजन्य रक्तदाब-घट म्हणतो. नाव जड आहे, परिणाम मात्र सर्वांच्या ओळखीचा: पडणे, खुबा मोडणे, आणि त्यानंतर अंथरूण.

अनेक घरांत याची दुसरी बाजू दिसते. लघवी नको म्हणून प्रवासाच्या दिवशी गोळीच गाळली जाते. हृदयविकाराच्या रुग्णाने असे केले तर परतेपर्यंत पायांवर सूज आणि रात्री धाप लागू शकते. गोळी गाळण्यापेक्षा तिची वेळ बदलता येईल का, मुक्कामी पोहोचल्यावर घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. पुष्कळदा उत्तर ‘हो’ असे मिळते, पण ते रुग्णागणिक वेगळे असते. लघवी रोखून धरल्याने मूत्रमार्गाचा जंतुसंसर्गही होतो, आणि वृद्धांत त्याचे पहिले लक्षण ताप नसून अचानक असंबद्ध बोलणे हेही असू शकते. प्रवासाहून आल्यावर ‘आजी भ्रमिष्टासारखं करतायत’ म्हणून घाबरलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

त्या दिवशी आम्ही काठावरच्या टपरीतून साखर आणि मीठ आणले. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढेच. घोट घोट, घाई न करता. (हे रोज प्यायचे सरबत नव्हे, मधुमेह, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे व मिठाचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.) पाऊण तासाने दाब ११८ झाला. आधी बसविले, पाय लोंबकळत ठेवून थोडा वेळ घोटे हलवायला लावले, मग उभे केले. बहिणीने आणि भाचीने एक चादर आडवी धरली, आणि आजींची चोवीस तासांची अडचण कड्याआडच्या झुडपांमागे सुटली. तिघी परत आल्या तेव्हा हसत होत्या.

रामेश्वरापर्यंत आजींना जाता आले नाही. भाची एकटी धावत उतरली, बेल वाहिला, आणि कुंडाजवळच्या तुषारांत भिजलेली ओढणी वर आणून आजींच्या चेहऱ्यावर ठेवली. आजींनी ती बराच वेळ तशीच धरून ठेवली.

परतीच्या वाटेवर भाचीने वहीत एक यादी सुरू केली. आष्टी ते जामखेड, आष्टी ते नगर, आष्टी ते बीड. कोणत्या पेट्रोल पंपावर स्त्रियांचे शौचालय खरोखर उघडे असते, कुठे पाणी येते, कुठे कमोड आहे, कुठे कुलूप आणि किल्ली मालकाच्या घरी. पंपांवर ग्राहकांसाठी शौचालय असावे हा तेल कंपन्यांचा नियमच आहे, तरी प्रत्यक्षात विचारावे लागते. आणि वीस वर्षांची मुलगी ठणकावून विचारते तेव्हा किल्ली लवकर सापडते, असा तिचा अनुभव. महाविद्यालयातल्या मैत्रिणींनी आपापल्या गावांकडच्या रस्त्यांची भर घातली. गाडीत आता मध्यभागी भोक पाडलेले प्लास्टिकचे बळकट स्टूल, झाकणाची बादली, जुनी नऊवारी आणि दोन कपड्यांचे चिमटे असतात. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबते. कोणी मागणी करावी लागत नाही, म्हणून कोणाला लाजही वाटत नाही. उतरून सर्वांनी चार पावले चालायचे, कारण फार वेळ पाय लोंबकळत बसल्याने पोटऱ्यांतल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. बाटलीवर तिने खडूने तीन रेघा ओढल्या आहेत; प्रत्येक थांब्याला पाणी एका रेघेने खाली गेले पाहिजे.

आजींनी या व्यवस्थेला प्रथम नाके मुरडली. ‘माझ्या मुताची वही काढली पोरीनं,’ असे त्या शेजारणींना सांगत. नंतर त्याच शेजारणी वहीची नक्कल मागायला आल्या.

दरम्यान आमच्याकडे आणखी एक वाहन आले. अहमदनगर–बीड–परळी हा लोहमार्ग १९९०च्या दशकात मंजूर झाला, आणि नगरहून आष्टीपर्यंत पहिली प्रवासी गाडी धावली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी. जिल्ह्यात परळीला रेल्वे होती, आष्टीकराला मात्र ती कधी दिसेल याची खात्री नव्हती. पुढे १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, गाडी बीडपर्यंत पोहोचली. आजींनी मार्गासाठी जमिनी मोजल्या जाताना पाहिल्या होत्या. रूळ आपल्या हयातीत पडतील असे त्यांना वाटले नव्हते.

दिवाळीनंतर आम्ही त्यांना आगगाडीने नगरला डोळे दाखवायला नेले. मोतीबिंदूचा सल्ला घेतला, येताना चार वस्तूंची खरेदी झाली. कडा स्थानक मागे पडले तेव्हा भाचीने बाटली पाहिली: तीनही रेघा उघड्या. आजी खिडकीतून आपले शेत शोधत होत्या. ते दिसेना, तेव्हा त्यांनी वही मागून घेतली आणि नातीला सावरगावच्या घाटाचा रस्ता लिहायला सांगितला. मायंब्याला पायथ्याशी एक खानावळ आहे, तिथली बाई ओळखीची आहे, तिच्याकडे आधी विचारून ठेव, असे त्या सांगत होत्या.