वाळल्या गवताचा रंग

माझं पहिलं पातं पाण्यात बुडवताच ‘टिक’ असा आवाज झाला आणि धारेपासून पाठीपर्यंत केसासारखी चीर गेली. तलासरीच्या हायवेवरल्या गॅरेजातून ट्रकच्या कमानीचा जुना पाटा आणून आठ दिवस कानस चालवली होती. लोखंड लाल झालं की पाण्यात घालायचं, एवढंच मला ठाऊक. पाटाच वाईट निघाला अशी तक्रार घेऊन मी एका म्हाताऱ्या लोहाराकडे, बाबांकडे, गेलो.

बाबांनी पातं चिरेवर मोडून पाहिलं. आतला दाणा साखरेसारखा जाड होता. “जास्त तापवलंस. आणि कमानीला पाणी सोसत नाही, तेल लागतं,” एवढंच म्हणाले आणि मला भात्यावर बसवलं.

झोपडीत उजेड कमी, म्हणून मी बल्ब लावून देऊ का, असं विचारलं होतं. अंधारात दिसणारा लोखंडाचा रंग हेच त्यांचं मोजमाप होतं, हे कळायला मला महिना लागला. पुढे मी लोहचुंबक नेलं. साधारण ७७० अंशांना तापलेलं लोखंड चुंबकाला चिकटत नाही. चुंबकाने पातं सोडलं की थोड्याच वेळात बाबा “काढ” म्हणायचे. दर वेळी. चुंबकाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

जळक्या ऑइलात विझवलं, तरी त्याला ते ‘पाणी देणं’च म्हणत. तेव्हा धार काचेसारखी ठिसूळ असते. मग पातं विटेने घासून निखाऱ्यावर धरायचं. “वाळल्या गवताचा रंग आला की थांब. निळं दिसलं तर धार गेली.”

तो रंग डहाणूच्या माणसाला सांगावा लागत नाही. दिवाळीनंतर सगळे माळ तसेच दिसतात. याच गवताच्या कापणीसाठी वारल्यांनी १९४५ साली ५०० पौंडांना अडीच रुपये मजुरी मागितली, संप केला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली. त्या साली आपल्या वडिलांनी धार लावून दिलेले विळे कुडाला तसेच खोचलेले राहिले, असं बाबा सांगत. हे सांगताना त्यांचा हात थांबायचा. मी तोवर विळ्याकडे नुसतं अवजार म्हणून पाहत होतो.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. घोलवडच्या एका चिकूवाडीवाल्याने माझी सुरी पाहून फार कौतुक केलं, विकतही घेतली. तिला पाणी बाबांनी दिलं होतं. मी ते बोललो नाही. पैसे खिशात घातले आणि कितीतरी दिवस त्यांच्याकडे फिरकलो नाही.

शेवटी गेलो, सगळं सांगितलं, पैसे पुढे केले. बाबांनी ते बाजूला सारले. माझ्या कमरेची नवी सुरी मागून घेतली, नखावर धार पाहिली, तळहातावर तोलली.

“मूठ जड आहे. खैर अजून तास.”

मी तिथेच बसून तासायला घेतली.