जनीच्या गावचा चोर

“बनी तो बनी, नहीं तो परभणी!” पुण्याच्या फलाटावर शेजाऱ्यांनी मला ही म्हण ऐकवली. त्यांच्या मते मे महिन्यात मराठवाड्यात जाणारा माणूस एक तर वऱ्हाडी असतो, नाही तर बदली झालेला सरकारी नोकर. मी दोन्ही नव्हतो. मी मामा होतो. गंगाखेडला दिलेल्या धाकट्या बहिणीचा फोन आला होता, “दादा, तू ये. पोरगा चोरी शिकतोय.”

परभणीला गाडी बदलली. पोखर्णी मागे पडली. दोन्ही बाजूंना काळी रानं उन्हात भाजत पडली होती. मग गोदावरीचा पूल आला. पाणी कमी, वाळूच फार. पलीकडे गंगाखेड, संत जनाबाईंचे जन्मगाव.

भाचेबुवा कॉम्प्युटरपुढे बसले होते. मी सरळच विचारले, “काय रे, काय उद्योग हा?”

“मामा, कडी नीट लागलीय का हे बाहेरून दार ढकलूनच कळतं ना? आम्ही तेच करतो. एथिकल हॅकिंग.”

मग त्याने समजावले. प्रत्येक यंत्राला ६५,५३५ क्रमांकांची दारे. कोणते उघडे, कोणाचे कुलूप जुने, ते आधी हेरायचे. आत गड्याच्या हक्काने शिरायचे, तिथून मालकाच्या किल्ल्या मिळवायच्या, मग शेजारच्या खोलीत. खरी विद्या या पुढच्या टप्प्यांत आहे. सरावासाठी त्याने आपल्याच यंत्रात चार खोटी यंत्रे उभी केली होती. स्वतःच्याच वाड्यावर रोज दरोडा! ‘ओएससीपी’ नावाची त्याची परीक्षा पावणेचोवीस तासांची. ती संपली की पुढच्या चोवीस तासांत कसे शिरलो याचा पायरीपायरीने अहवाल लिहायचा. नीट लिहिता आले नाही तर नापास. निबंधाला इतका मान मी आमच्या विद्यापीठातही पाहिला नाही.

विद्या निरुपयोगी म्हणावी, तर ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून चोरांनी अशाच वाटेने सुमारे ९४ कोटी रुपये पळवले होते. दार आधी कोणी ढकलून पाहणे किती गरजेचे, हे आम्हा पुणेकरांना सांगायला नको.

पण बहिणीचे दुखणे निराळे होते. गावातल्या एका संस्थेच्या संकेतस्थळाला पडलेले भगदाड पोराने न विचारता शोधले आणि भल्या मनाने कळवले. उत्तर आले, “पोलिसांत देऊ.” २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात मालकाच्या परवानगीवाचून शिरणाऱ्याला भरपाई द्यावी लागते. त्यात लबाडी ठरली तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बहीण दोन रात्री झोपली नव्हती.

संध्याकाळी आम्ही जनाबाईंच्या देवळात गेलो. जनीकडे आलेला विठ्ठल घाईत आपले पदक तिच्या घरी विसरला. पुजाऱ्यांनी तिला चोर ठरवून सुळाकडे नेले आणि सुळाचे पाणी झाले, ही कथा मी वर्गात कितीदा सांगितली असेल. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, तिच्याकडं पदक होतं, पण देवाची चिठ्ठी नव्हती.”

“सुळाचं पाणी करायला विठ्ठल लागतो, बाबा,” मी म्हणालो. “तुला कागदच लागेल.”

त्या रात्री आम्ही दोघांनी त्या संस्थेला पत्र लिहिले. न विचारता पाहिले, ही चूक झाली. आता लेखी परवानगी द्यावी, काय तपासायचे आणि किती दिवस ते आपणच ठरवावे, अहवाल विनामूल्य देऊ. पुढे कुठे वाटेत भगदाड दिसलेच, तर ते दिल्लीच्या ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेला कळवायचे, आत पाऊल टाकायचे नाही, हेही त्याने कबूल केले.

जूनअखेर त्याने उत्तराचे छायाचित्र मला पाठवले. तीन दिवसांची परवानगी, सही, गोल शिक्का. दोन ओळींत शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. बावीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच माझा हात लाल पेन्सिलीकडे गेला नाही.